पाणंदीवरची सायकल

मधुमेहाचे किंवा रक्तदाबाचे निदान झाले, की गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर डॉक्टरांचे एक वाक्य ठरलेले असते, ‘रोज अर्धा तास व्यायाम करा.’ गारगोटी परिसरात त्यावर रुग्णाचा प्रश्नही ठरलेला असतो, ‘करायचा कुठं?’ प्रश्न रास्त आहे. मोठ्या रस्त्यावर पहाटेपासून दुधाचे टेम्पो, वडाप आणि एसटी सुरू होतात. गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची त्यात भर पडते. कडेला चालायला पट्टी नाही, सायकलला तर नाहीच. अशा रस्त्यावर व्यायामाला जा म्हणणे म्हणजे एक आजार टाळायला दुसरा धोका पत्करायला सांगणे.

पण याच रस्त्यापासून चार पावलांवर दुसरा रस्ता आहे. ती आपली पाणंद. मुरमाची, कुठे मातीची, दोन्ही बाजूंना ऊस किंवा भात. तिथे ट्रक नाही, हॉर्न नाही, धूर नाही. वेदगंगेच्या काठाने, एका बंधाऱ्यावरून दुसऱ्या तीरावर, वाडीवरून वाडीवर असे कितीतरी किलोमीटर मोठ्या रस्त्याला न शिवता जाता येते.

फ्रान्सने अशा रस्त्यांचे मोल ओळखले. तिथे बंद पडलेले लोहमार्ग आणि कालव्यांच्या काठच्या वाटा मोटारींना बंद करून चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी राखल्या आहेत. बरगंडी प्रांतात जुन्या लोहमार्गावरचा असा पहिला ‘हरित मार्ग’ १९९७ मध्ये खुला झाला. दक्षिणेत सतराव्या शतकातल्या मिदी कालव्याच्या काठाने आज लोक सायकलवरून प्रवास करतात. एकेकाळी याच काठाने घोडे नावा ओढत नेत. यातल्या बऱ्याच वाटा खडी-मातीच्याच आहेत. त्यांच्यासाठी रुंद टायरची वेगळी सायकलही निघाली आहे. आपल्याकडे वाटाही आहेत आणि सायकलीही. कमी आहे ती त्याकडे व्यायामाची जागा म्हणून पाहण्याची.

गरज किती मोठी?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. उच्च रक्तदाबाचे प्रमाण ३५ टक्क्यांच्या घरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सहभाग घेतलेल्या २०२४ मधील अभ्यासात भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नसल्याचे दिसले. ‘आम्ही शेतकरी, आम्हाला व्यायाम कशाला?’ हे वाक्य आता सरसकट खरे राहिलेले नाही. नांगरट ट्रॅक्टरने होते आणि शेतावर जायला मोटारसायकल असते.

कोपनहेगनमध्ये सुमारे ३० हजार लोकांचा अभ्यास झाला, तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. सायकलने कामावर जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे २८ टक्क्यांनी कमी आढळले. मुळात धडधाकट माणसेच सायकल चालवतात, ही शंका अशा अभ्यासात पूर्णपणे फिटत नाही. तरी धूम्रपान, वजन, इतर व्यायाम यांचा हिशेब धरूनही हा फरक उरला, हे महत्त्वाचे.

शरीरात काय घडते?

पायडल मारताना मांड्यांचे आणि नितंबांचे मोठे स्नायू काम करतात. काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही आत ओढून घेतो, आणि पुढचे काही तास इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतो. म्हणून मधुमेहींना याचा लाभ मोठा. शरीराचा बराच भार सीटवर असल्याने गुडघ्यावरचा ताण चालण्यापेक्षा कमी असतो. स्थूल व्यक्तींना आणि गुडघेदुखी सुरू झालेल्यांना सायकल त्यामुळे सोसते.

कच्च्या वाटेचे आणखी दोन फायदे. मुरमावर चाकाला विरोध जास्त होतो, त्यामुळे कमी वेगातही पुरेसे श्रम होतात. दुसरा फायदा फुप्फुसांचा. विश्रांतीत आपण मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. मध्यम व्यायामात ती ३० ते ५० लिटरवर जाते. ही हवा डिझेलच्या धुराची असू नये, हे उघड आहे. मात्र ऊसतोडीनंतर पाचट पेटवलेले असेल, तर पाणंदीवरची हवाही तितकीच वाईट. दमेकऱ्यांनी त्या दिवशी घरीच थांबावे.

सायकल सर्व काही देत नाही. तिच्यात हाडांवर भार येत नाही, त्यामुळे हाडे बळकट होत नाहीत. चाळिशीनंतर, विशेषतः स्त्रियांनी, आठवड्यातून दोनदा उठाबशा, जिने चढणे किंवा वजन उचलण्याचे व्यायाम जोडावेत.

सुरुवात कशी करावी?

प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचे माप. पहिल्या आठवड्यात रोज दहा-पंधरा मिनिटे पुरे. सायकल चालवताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. एवढा दम लागला की श्रम योग्य.

महागडी सायकल लागत नाही. टायर फार अरुंद नसावेत आणि दगडांच्या वाटेवर हवा किंचित कमी ठेवावी, म्हणजे हादरे कमी बसतात. पायडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली, तर गुडघा जवळपास सरळ व्हावा, इतकी सीट उंच हवी. आपल्याकडे बहुतेकांची सीट खालीच असते आणि गुडघा त्यामुळे दुखतो. हँडल घट्ट आवळून धरल्यास करंगळीला मुंग्या येतात. पकड सैल ठेवून अधूनमधून हात बदलावेत. मुरमावर सायकल थांबायला वेळ लागतो, म्हणून पुढचा ब्रेक एकदम दाबू नये. हेल्मेट इथेही हवेच.

सावधगिरी

उजाडल्यावर निघावे आणि अंधारापूर्वी परतावे. उसाच्या कडेला घोणस आणि नाग असतात. पश्चिमेकडे, राधानगरी अभयारण्याच्या बाजूला, पहाटे व तिन्हीसांजेला गवे शेतात उतरतात. सर्पदंश झाल्यास आवळपट्टी किंवा चिरा न देता, हालचाल न करता थेट रुग्णालय गाठावे. कुत्रे चावल्यास जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस घ्यावी.

इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जाऊ नये. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. हृदयविकार, छातीत दुखणे, डोळ्याच्या पडद्याचा त्रास किंवा पायांना बधिरपणा असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. वाटेत छातीत दाब, घाम, अंधारी आली तर उतरून बसावे, १०८ ला फोन करावा आणि एकट्याने सायकलवर परत निघू नये.

वाट टिकली तर

पाणंद आधी शेतकऱ्याची. बैलगाडी, ट्रॅक्टर, जनावरे यांना आधी वाट द्यायची, हा सायकलस्वाराचा पहिला नियम. पण आज अनेक पाणंदी अतिक्रमणाने बुजत आहेत. गाव नकाशावर त्या असतात, जमिनीवर मात्र बांध सरकलेला असतो. अडवलेला रस्ता मोकळा करून देण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ नुसार तहसीलदारांना आहे. पाणंदीसाठी सरकारी योजनाही आहेत. ग्रामसभेत हा विषय निघेल, तेव्हा मुरूम, बाजूने चर आणि सावलीला झाडे एवढी मागणी जरूर करावी. त्यातून शेतकऱ्याचा ऊस वेळेत निघेल. शाळकरी मुलीला आणि साठीतल्या मधुमेही आजोबांनाही निर्धास्त चालवता येईल अशी वाट मिळेल. रुग्णालयात औषध मिळते. व्यायामाची जागा मात्र गावालाच राखावी लागते.