खोडलेली रेघ

२१ जून हा जागतिक हायड्रोग्राफी, म्हणजे जलसर्वेक्षण, दिन. १९२१ साली याच तारखेला मोनॅकोत या विषयाचं आंतरराष्ट्रीय कार्यालय सुरू झालं. यंदाच्या समारंभात एक तरुण सर्वेक्षक म्हणाला, ‘पूर्वी आपण फक्त खोली मोजायचो, आता समुद्राचं पर्यावरण समजून घेतो.’ टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत होतो. निवृत्तांना तिथंच बसवतात. ते ‘फक्त’ घरी आल्यावरही सलत राहिलं.

१८७४मध्ये कलकत्त्यात सागरी सर्वेक्षण खातं निघालं. १९५४मध्ये कार्यालय गेलं डेहराडूनला, समुद्रापासून सुरक्षित अंतरावर. बाकी इतिहास वार्षिक अहवालांत आहे. पण पूर्वी खोली मोजायच्या दोराला बांधत त्या शिशाच्या वजनाच्या बुडाला एक खळगा असे. त्यात चरबी भरून दोर सोडायचा. वर येताना तिला चिखल, वाळू, शिंपल्यांचा चुरा चिकटे, आणि तोही नकाशावर नोंदला जाई. ‘फक्त’ खोली कधीच नव्हती.

सर्वेक्षणातली माझी वर्षं १९८०नंतरची. कोकणातल्या खाड्या, हातात सेक्स्टंट, भरती मोजायच्या पट्टीपाशी वही घेऊन बसलेला पोरगा. आवाज सोडून खोली मोजणाऱ्या इको साउंडरच्या कागदावर रेघ उमटताना करपल्याचा वास यायचा. बुडलेला खडक आमच्या नकाशाआधी तांडेलाला ठाऊक असे. ‘हितं तीन वाव’ म्हणाला की तीनच भरत.

आमचं यंत्र दोन रेघा काढी. २१० किलोहर्ट्‌झचा आवाज पातळ गाळाच्या माथ्यावरूनच परते. ३३चा गाळ भेदून घट्ट तळ गाठे. दोहोंमधला पट्टा म्हणजे खाडीत साचत चाललेला गाळ. एका बंदराच्या कामात मी दोन्ही रेघा दिल्या. साहेब म्हणाले, ‘जहाजाला एकच तळ लागतो.’ एक रेघ खोडली गेली. काही वर्षांनी ‘गाळ आला कुठून?’ यावर बैठका झाल्या. त्या पट्ट्याची आठवण कुणी काढली नाही.

पुढं जीपीएस आलं, तळाचा रुंद पट्टा एकदम मोजणारं मल्टीबीम आलं. बोटीच्या दोन फेऱ्यांमधली जी जागा आम्ही अंदाजानं भरली, ती आता मोजली जाते. परतलेल्या आवाजाच्या जोरावरून वाळू की चिखल, तेही कळतं. हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? तरी जगाच्या समुद्रतळाचा सुमारे पाव हिस्साच नीट मोजून झालाय.

चहाच्या वेळी त्या तरुणाला गाठलं. ‘गाळात दोन तळ मिळाले, तर अहवालात कुठला देता?’

तो हसला. ‘क्लायंट मागेल तो, सर.’