हरणाचे नाक आणि ओझोनची पेटी

आमच्या गावचे एक सेवानिवृत्त गुरुजी महिन्याच्या महिन्याला रक्तदाब तपासून घ्यायला येतात. या खेपेला त्यांनी खिशातून मोबाईल काढून एक फोटो दाखवला. झाडाच्या खोडाला, बसणाऱ्या माणसाच्या डोक्याच्या वर, जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी टांगलेली. ‘‘डॉक्टर, धाकट्याने घेतलीय. तिकडे तो मित्रांबरोबर हरणाच्या शिकारीला जायला लागलाय. यातून ओझोन निघतो म्हणे आणि मग माणसाचा वास हरणाला लागत नाही. पाचशे डॉलर मोजलेत. चांगली असते का हो?’’

धाकटा मिशिगन राज्यात नोकरीला आहे. लहानपणी दम्याने बेजार झालेल्या त्याला मी कित्येक रात्री तपासले आहे. त्यामुळे प्रश्न शिकारीचा असला, तरी मला तो दवाखान्यातलाच वाटला. शिवाय ओझोन सोडणारी यंत्रे आता आपल्याकडेही घराघरांत शिरू लागली आहेत. म्हणून या आठवड्यात हाच विषय घेतो.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा ही पेटी आपल्या जंगलात कुणी नेऊ नये हे सांगायलाच नको. अमेरिकेत मात्र पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या फार मोठी आहे. ती पिकांत शिरतात, रस्त्यावर मोटारींना धडकतात, आणि राज्य सरकारे परवाने देऊन ठरावीक दिवसांत शिकार करू देतात. मिशिगनमध्ये धनुष्यबाणाचा हंगाम १ ऑक्टोबरला आणि बंदुकीचा १५ नोव्हेंबरला सुरू होतो. शिकार करावी की करू नये, हा वाद मी इथे घालत नाही.

बंदूकवाल्याला हरीण शंभर मीटरवर असले तरी चालते. बाणवाल्याला ते वीस-तीस मीटरवर यावे लागते, आणि तिथेच हरणाचे नाक आडवे येते. वारा अनुकूल असेल तर हरणाला काही शे मीटरवरून माणसाचा सुगावा लागतो. मग ते पाय आपटते, फुस्कारते आणि शेपटी वर करून पसार होते. दिवसभर थंडीत झाडावर बसलेल्या माणसाचा जीव किती तळमळत असेल, याची कल्पना येते. या तळमळीवर एक मोठा बाजार उभा आहे. बिनवासाचे साबण, कोळशाचा थर दिलेले कपडे, फवारे, आणि सर्वांत महाग म्हणजे ही ओझोनची पेटी. कपडे ठेवण्याच्या ओझोनच्या पिशव्या आणि मोटारीत लावायची छोटी यंत्रेही मिळतात.

आता ओझोन म्हणजे काय ते पाहू. आपण श्वासात घेतो त्या प्राणवायूच्या रेणूत दोन अणू असतात. ओझोनमध्ये तीन असतात, आणि तो तिसरा अणू सैल असतो. मिळेल त्या पदार्थाला तो चिकटतो आणि त्याची मोडतोड करतो. विजा कडाडून गेल्यावर किंवा झेरॉक्सच्या दुकानात मशीन बराच वेळ चालल्यावर एक तिखटसर, वेगळाच वास येतो, तो याचाच. १८४० साली बाझेल येथील रसायनशास्त्रज्ञ ख्रिश्चन शेनबाइन यांनी त्याचे नाव ठेवले ते ग्रीक भाषेतील ‘वास येणे’ या अर्थाच्या शब्दावरून. वास पुसून टाकणारा म्हणून जो विकला जातो, त्याचे नावच वासावरून पडले आहे. जो वास माणसाच्या मंद नाकाला येतो, तो हरणाला येत नसेल असे मानायला मला तरी काही आधार दिसत नाही.

आकाशात पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवरचा ओझोनचा थर सूर्याच्या घातक किरणांपासून आपले रक्षण करतो. त्या थराला छिद्र पडल्याच्या बातम्या आपण पुष्कळ वाचल्या, त्यामुळे ओझोन म्हणजे काहीतरी पवित्र, अशी समजूत मनात घर करून बसली आहे. पण चुलीतला विस्तव अंथरुणात घेऊन कुणी झोपत नाही. जमिनीलगतचा ओझोन हा हवेतील प्रदूषक घटक आहे आणि जगभर त्याची गणना तशीच होते.

ओझोनने वास मरतो का? बंद जागेत, भरपूर प्रमाणात आणि पुरेसा वेळ दिला तर बऱ्याच अंशी मरतो. आग लागून गेलेल्या घरातील धुराचा वास घालवण्यासाठी तो वापरतात, पण तेव्हा घरात माणूस ठेवत नाहीत. म्हणजे कपडे बंद पिशवीत घालून त्यात ओझोन सोडला तर कपड्यांचा वास कमी होईल, हे पटण्यासारखे आहे. उघड्या रानातली गोष्ट निराळी. दर सेकंदाला दोन मीटर अशी मंद झुळूक धरली, तरी अंगावरून निघालेला वास पाच सेकंदांत दहा मीटर दूर जातो. तेवढ्या वेळात पेटीतला ओझोन त्याला गाठणार, त्यात मिसळणार आणि त्याचे रेणू फोडणार! काही रेणू तो चटकन फोडतो, पण पुष्कळशा पदार्थांशी त्याची क्रिया अतिशय मंद असते. आपल्या उच्छ्वासात ॲसिटोन नावाचा पदार्थ असतो. ओझोन त्याला जवळजवळ हातच लावत नाही. आणि उच्छ्वास काही पिशवीत घालून येता येत नाही. मिनिटाला बारा-पंधरा वेळा तो बाहेर पडतच असतो.

याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. आपल्या त्वचेच्या तेलकट स्रावात स्क्वालीन नावाचा पदार्थ असतो. त्यावर ओझोन फार वेगाने तुटून पडतो. त्यातून काय निर्माण होते, याचा अभ्यास आर्मिन विस्थालर आणि चार्ल्स वेश्लर या शास्त्रज्ञांनी केला व तो २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांना आढळले की माणूस असलेल्या खोलीत ओझोन सोडला की ओझोन कमी होतो खरा, पण त्याच्या जागी हवेत नवे पदार्थ येतात. त्वचेवरील तेलांच्या मोडतोडीतून निघणारा डेकॅनाल त्यांपैकीच एक. हाच पदार्थ संत्र्याच्या सालीच्या तेलातही असतो आणि त्याला स्वतःचा वास आहे. म्हणजे ओझोन माणसाचा वास पुसत नाही, त्याचा काही भाग दुसऱ्या वासात बदलतो. पाटीवरचे अक्षर पुसायला जावे आणि तिथे दुसरेच अक्षर उमटावे, तसा हा प्रकार आहे. हरणाला मिशिगनच्या रानात संत्र्याचा वास आला तर ते निर्धास्त होईल की सावध, हे वाचकांनीच ठरवावे.

ज्यांना फायदा झाला असे वाटते त्यांचे अनुभव मी खोटे म्हणत नाही. पण ज्या दिवशी हरीण जवळ आले त्या दिवशी वारा कुठून होता, हरीण कोणत्या बाजूने आले, पेटी नसती तर ते आले नसते का, हे एकट्या माणसाच्या अनुभवातून कळत नाही. औषधांच्या बाबतीत आम्हा डॉक्टरांना रोज हाच प्रश्न पडतो. वासरोधक कपड्यांची एक परीक्षा अमेरिकेतच झाली होती. जॉन शिविक या वन्यजीव संशोधकाने कोळशाचे कपडे घातलेली आणि साध्या कपड्यांतली माणसे लपवून शोधक कुत्र्यांना सोडले. २००२ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. कुत्र्यांनी कोळशाच्या कपड्यांतली माणसेही शोधून काढली. ती परीक्षा ओझोनची नव्हती, पण तीक्ष्ण नाकापुढे अशा उपायांची मजल कुठवर जाते, याचा अंदाज तीवरून येतो.

आणखी एक गंमत अशी की, ही पेटी टांगताना तिचे तोंड वारा ज्या दिशेने जातो तिकडे करावे लागते. म्हणजे वाऱ्याचे ज्ञान हवेच! आणि ते ज्ञान असेल तर निम्मे काम पेटीवाचून झाले. तिकडचे मुरलेले शिकारी मिल्कवीड नावाच्या रोपाच्या शेंगेतील कापसासारखे बी हवेत सोडून वारा पाहतात. हे रोप आपल्या रुईच्या कुळातले. रुईच्या शेंगेतून उडणाऱ्या ‘म्हातारी’मागे आपण लहानपणी धावलो, तीच म्हातारी तिथे चार पैसेही न घेता वारा दाखवते. उतारावर सकाळी ऊन पडले की हवा वर चढते आणि संध्याकाळी थंडावली की खाली उतरते, हेही तिच्यावरून दिसते.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. ओझोन पाण्यात फारसा विरघळत नाही. त्यामुळे नाका-घशाच्या ओल्या अस्तरात तो अडकून पडत नाही, थेट फुफ्फुसाच्या बारीक नळ्यांपर्यंत पोचतो. तिथे तो अस्तराला सूज आणतो. खोकला येतो, घसा खवखवतो, दीर्घ श्वास घेताना छातीत दुखते. दमा असलेल्याला धाप लागू शकते, आणि एरवी ज्या धुळीचा किंवा बुरशीचा थोडाच त्रास होतो तिचाच त्रास ओझोननंतर अधिक होतो. पानगळीच्या दिवसांत, कुजक्या पाल्याची बुरशी असलेल्या रानात, थंड हवेत बसलेल्या दमेकऱ्याला आणखी एका कारणाची मुळीच गरज नसते. झाडावर बांधलेल्या मचाणावरून पडणे हा तिकडच्या शिकाऱ्यांच्या दुखापतींचा मोठा भाग आहे. तिथे खोकल्याची उबळ येणेही बरे नव्हे.

किती ओझोन चालतो? आकडे अगदी लहान आहेत, म्हणून दहा कोटींच्या हिशेबात सांगतो. अमेरिकेत २०१५ पासून बाहेरच्या हवेची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने दहा कोटी भागांत ७ भाग अशी आहे. कारखान्यातल्या कामगारासाठी ती १० भाग आहे. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकात आठ तासांसाठी एका घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅम असा आकडा आहे, तो साधारण ५ भागांएवढा होतो. ५०० भागांना तर जीवाला तात्काळ धोका मानतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे स्पष्ट म्हणणे आहे की, जंतू मरतील एवढा ओझोन माणसाला सुरक्षित असणाऱ्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त असावा लागतो. वासाचेही गणित याहून फार निराळे नाही. बाधणार नाही इतका सोडला तर काम होत नाही, काम होईल इतका सोडला तर बाधतो. आणि ‘वास आला की बंद करू’ या भरवशावर राहू नये, कारण थोड्याच वेळात नाक त्या वासाला सरावते व वास येईनासा होतो. वायू मात्र तिथेच असतो.

गुरुजींना मी जे सांगितले ते असे. उघड्या झाडावर, वारा असताना, डोक्यावरच्या पेटीने मोठा अपाय होईल असे नाही, कारण वारा तो ओझोन वाहून नेतो. पण त्याच कारणाने उपयोगही फारसा नाही. तंबूसारख्या बंद आडोशात मात्र ती लावूच नये, आणि मोटार चालवताना तर मुळीच नाही. कपड्यांच्या पिशवीचा थोडा उपयोग आहे, पण ती घराबाहेर चालवावी, उघडताना तोंड बाजूला धरावे आणि कपडे झटकून वाऱ्यावर ठेवावेत. रबराचे बूट व इलॅस्टिक त्यात घालू नये, ओझोनने रबराला भेगा पडतात. धाकट्याला मात्र माझा सल्ला एकच, की पेटी परत करता येत असेल तर करावी. दम्याच्या माणसाने स्वतःहून ओझोनच्या वाटेला जाण्याइतका लाभ त्यात नाही.

आपल्याकडे २०२० च्या कोरोनाच्या साथीत हवा शुद्ध करणारी म्हणून अशी यंत्रे बरीच विकली गेली. भाज्या धुण्याच्या यंत्रातही ओझोन वापरतात. विकत घेण्यापूर्वी ‘यातून ओझोन निघतो का’ एवढे सरळ विचारावे. ‘सक्रिय प्राणवायू’ असे भारदस्त उत्तर मिळाले तर ते बहुधा ओझोनचेच दुसरे नाव समजावे. कॅलिफोर्निया राज्याने २०१० पासून घरगुती हवाशुद्धी यंत्रातून दहा कोटींत ५ भागांहून अधिक ओझोन बाहेर पडता कामा नये असे बंधन घातले आहे. आपल्या घरात यंत्र असेलच, तर लहान मुले, गरोदर स्त्रिया, म्हातारी माणसे व दमेकरी असलेल्या खोलीत ते चालवू नये. लिंबाच्या वासाच्या द्रवाने फरशी पुसल्यानंतर तर नाहीच, कारण त्या सुवासिक द्रव्यावर ओझोनची क्रिया होऊन फॉर्मॅल्डिहाइडसारखे त्रासदायक पदार्थ तयार होतात. खोलीचा वास घालवायला समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या तर पुष्कळ होते.

यंत्र चालू असताना खोकला सुरू झाला किंवा छातीत आवळल्यासारखे वाटले, तर यंत्र बंद करून मोकळ्या हवेत यावे. दमेकऱ्याने डॉक्टरांनी दिलेला पंप सांगितल्याप्रमाणे घ्यावा. त्याने आराम पडला नाही, बोलताना धाप लागू लागली किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर घरी वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा. त्रास काही वेळा वायू हुंगल्यानंतर काही तासांनीही वाढतो. तेव्हा डॉक्टरांकडे गेल्यावर सकाळी घरात कोणते यंत्र चालू होते, हे त्यांना आवर्जून सांगावे. ते विचारतीलच असे नाही.