हैदराबादला मनाचा डॉक्टर शोधताय? आधी एवढं वाचा



आपल्या नांदेड भागात मोठा आजार म्हटलं की माणूस हैदराबादची गाडी धरतो. हृदय असो की किडनी, धर्माबाद, बासर, निजामाबाद करत पाच-सहा तासांत सिकंदराबाद. आता मनाच्या दुखण्यासाठीही विचारणा होऊ लागली आहे. पुरात जाळी वाहून गेली, ठेक्याचे पैसे अंगावर आले आणि घरचा कर्ता माणूस रात्र-रात्र झोपत नाही. पोरगं हैदराबादला कामाला गेलं आणि खोलीतून बाहेर पडेना. बाळंतपणानंतर सून नुसती रडते. मग संस्थेत फोन येतो, "तिकडं कोणी चांगला सायकॉलॉजिस्ट आहे का?"

पूर्वी असं कोणी विचारत नव्हतं. आता विचारतात, हे चांगलंच आहे. पण अमुक एकाकडे जा असं आम्ही सांगणार नाही. निवड कशी करायची ते मात्र सांगतो.

१. कोण काय करतं?

मासा बघून जाळ्याचा आस ठरतो, तसंच इथंही आहे. "मनाचा डॉक्टर" या एका नावाखाली तीन वेगवेगळी माणसं बसलेली असतात.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. हे एम.बी.बी.एस. करून पुढं मानसोपचार शिकलेले असतात. गोळ्या लिहून देण्याचा अधिकार यांना आहे. कानात आवाज येणं, नसलेली माणसं दिसणं, सगळ्यांवर संशय, आठवडे-आठवडे खाणं-झोप बंद, दारूचं व्यसन, जीव द्यायची भाषा, अशा वेळी पहिली भेट यांचीच घ्या.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. हे गोळ्या देत नाहीत. बोलण्यातून उपचार करतात, बुद्धीच्या आणि मनाच्या चाचण्या घेतात. भीती, काळजी, उदासी, एखाद्या धक्क्यातून न सावरणं, यात यांचा मोठा उपयोग होतो. पुष्कळ वेळा गोळ्या आणि बोलणं दोन्ही लागतं.

समुपदेशक म्हणजे कौन्सेलर. नवरा-बायकोचं पटत नाही, परीक्षेचं टेन्शन आहे, अशा वेळी चांगला समुपदेशक खूप मदत करतो. पण मोठा आजार त्याच्यावर सोडू नका.

दारूबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्यांनी एकदम तोडली, तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून दारू सोडवायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली.

२. पाटीवरचं नाव तपासा

"डॉ." लिहिलं म्हणजे गोळ्या देणारा डॉक्टर असं नाही. मानसशास्त्रात पीएच.डी. केलेली व्यक्तीही नावापुढं डॉ. लावते. त्यात चूक काही नाही, पण आपल्याला फरक कळला पाहिजे.

मानसोपचारतज्ज्ञाची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे असते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ही परिषद 1992 च्या कायद्यानं चालते. एम.ए. झाल्यावर क्लिनिकल सायकॉलॉजीत दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. ही त्यांची नेहमीची पात्रता. नोंदणी क्रमांकाला सी.आर.आर. नंबर म्हणतात. तो सरळ मागा. परिषदेच्या वेबसाइटवर टाकून बघता येतो. मुदत संपली आहे का, तेही बघा. खरा माणूस नंबर मागितल्यावर रागावत नाही.

आपल्या एका सभासदाच्या घरी असं झालं. मुलासाठी हैदराबादेत एका ठिकाणी गेले. पहिल्याच दिवशी वीस बैठकांचे पैसे एकदम भरून घेतले. तीन बैठकांतच पोराला तिथं जाऊ नये असं वाटायला लागलं. पैसे परत मिळाले नाहीत. नंतर कळलं की समोरच्याकडे काही दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट तेवढं होतं. म्हणून पैसे दर बैठकीला द्या, एकरकमी पॅकेज घेऊ नका.

३. भाषा कोणती?

हाडाच्या डॉक्टरला एक्स-रे दिसतो. मनाच्या माणसाला आपलं बोलणंच तपासायचं असतं. "जीव घाबरा होतो", "करमत नाही", "डोक्यात मुंग्या येतात", "अंगात येतं" हे तेलुगूत किंवा इंग्रजीत कसं सांगणार? गडीमाणूस हैदराबादी हिंदीत निभावून नेतो. म्हातारी माणसं, घरातल्या बाया आणि लहान लेकरं यांचं तसं नाही.

पोराला किंवा पुतण्याला दुभाषी म्हणून बसवू नका. सासू-नवऱ्याबद्दलचं दुःख बाई पोरासमोर बोलणार नाही, आणि तेच तर सांगायचं असतं.

हैदराबादेत मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत मराठी कानावर पडतं. विवेक वर्धिनीसारखी शिक्षणसंस्था तिथं 1907 पासून आहे. तेव्हा "मराठी बोलणारं कोणी आहे का?" हा प्रश्न रुग्णालयात बिनधास्त विचारा.

लेकराच्या चाचणीत भाषा फार महत्त्वाची. मराठी शाळेतल्या पोराला परक्या भाषेत प्रश्न विचारले, तर त्याची बुद्धी आहे त्यापेक्षा कमी दिसेल आणि तो कागद आयुष्यभर मागे लागेल. चाचणी कोणत्या भाषेत घेणार, हे आधी विचारा.

४. फेऱ्यांचा हिशेब

निवडीत हाच मुद्दा सगळ्यात मोठा आहे. ऑपरेशन एकदा होतं. बोलण्याचा उपचार एकदा होत नाही. एक बैठक पाऊण ते एक तासाची, आणि आठ-दहा बैठका सहज लागतात, बहुधा दर आठवड्याला. नांदेडहून हैदराबादची एक फेरी म्हणजे दोन दिवस गेले. आठ फेऱ्या म्हणजे सोळा दिवस होडी काठावर. सोबत एक माणूस, तिकीट, जेवण, फी. पहिल्या दोन फेऱ्या उत्साहात होतात, तिसरीला हंगाम आडवा येतो आणि उपचार अर्धवट राहतो. मग आपण म्हणतो, "हैदराबाद केलं, तरी गुण आला नाही."

म्हणून आमचं म्हणणं असं, की लांबच्या नावाजलेल्यापेक्षा परत-परत जाता येईल असा पात्र माणूस बरा. सुरुवात घराजवळ करा. विष्णुपुरीला आपला जलाशय आहे, तिथंच डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी तिथल्या मानसोपचार विभागात दाखवा. थायरॉइड, बी-12, साखर यांच्या गडबडीनंही माणूस उदास, चिडका होतो. रक्त तपासून घ्या.

हैदराबादलाच जायचं ठरलं, तर पहिली भेट समोरासमोर घ्या आणि पुढच्या बैठका व्हिडिओ कॉलवर होतील का विचारा. दोन खोल्यांच्या घरात मोकळं बोलता येत नाही, तर इअरफोन लावून घाटावर बांधलेल्या होडीत बसा. पावसाळ्यात जाळं बंद असतं, तेव्हा लागोपाठ बैठका ठेवता येतात.

पोरगं हैदराबादलाच राहत असेल, तर त्याच्या खोलीपासून किंवा कामापासून जवळचा माणूस शोधा.

५. हैदराबादेत सरकारी सोय

एर्रागड्डा इथं सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. निजामाच्या काळात हे रुग्णालय आपल्या जालन्यात होतं, नंतर ते हैदराबादला गेलं. आपल्याकडे "ठाण्याला पाठवा" म्हणून चेष्टा करतात, तशी तिकडं एर्रागड्ड्याच्या नावानं करतात. नावाला घाबरू नका, रोज कितीतरी माणसं तिथून गोळ्या घेऊन आपापल्या घरी जातात. सिकंदराबादहून मेट्रोनं अमीरपेठ, तिथं गाडी बदलून मियापूरच्या बाजूला एर्रागड्डा स्टेशन. गांधी आणि उस्मानिया या मोठ्या सरकारी रुग्णालयांतही मानसोपचार विभाग आहे.

लेकराची वाढ बुद्धीनं मागे पडली असेल, तर सिकंदराबादच्या मनोविकास नगरात केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे, 1984 पासूनची. ती खास अशा मुलांसाठीच आहे.

६. फोनवर विचारायचे प्रश्न

नोंदणी क्रमांक काय? मराठी किंवा हिंदी बोलता का? एका बैठकीची फी किती, वेळ किती? अंदाजे किती बैठका? व्हिडिओवर होईल का? गोळ्या लागल्या तर कोणाकडे पाठवता? बाई डॉक्टर आहेत का? एवढं कागदावर लिहून ठेवा आणि मग फोन लावा.

दोन-तीन बैठकांनंतर स्वतःला विचारा, आपलं ऐकून घेतलं जातंय का? काय करायचं ठरलंय ते समजतंय का? नसेल तर माणूस बदला. त्यात अपमान कोणाचाच नाही. शंभर टक्के गुण येईल अशी हमी देणारा, घरच्या गोळ्या परस्पर बंद करायला सांगणारा, किंवा धर्म-जातीवरून उपदेश करणारा भेटला, तर तिथून उठा.

७. गोळी आणि पाणी

उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणूनही मनानं बंद करू नका. काही गोळ्यांनी गुंगी येते. "मी होडीवर जातो, रात्री जाळं टाकतो" हे डॉक्टरला आवर्जून सांगा. नवी गोळी सुरू झाली की पहिले काही दिवस एकट्यानं पाण्यात जाऊ नका. फिट येणाऱ्यानं तर एकट्यानं होडी काढूच नये.

८. कायदा आपल्या बाजूनं आहे

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2018 पासून लागू आहे. रुग्णाची माहिती गुप्त राहणं हा त्याचा हक्क आहे. रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे, मग ते कोणत्याही ठिकाणी असो. देवाला नवस करायला आमची ना नाही, पण आजारी माणसाला बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. विमा कंपनीनंही मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं आहे. पॉलिसीत काय बसतं ते एकदा विचारून घ्या.

९. थांबायचं नाही अशी वेळ

कोणी "मला जगायचं नाही" म्हणालं, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, हैदराबादचा विचारही करू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका, घरातली फवारणीची औषधं हलवा आणि जवळच्या रुग्णालयात न्या. 108 किंवा 112 लावा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर ऑक्टोबर 2022 पासून आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. "विचारलं तर त्याच्या डोक्यात येईल" ही भीती खोटी आहे. सरळ विचारल्यानं माणूस मोकळा होतो.

ज्यांना नोंदणी क्रमांक तपासता येत नाही, वेबसाइट कळत नाही, त्यांनी संस्थेत यावं. आम्ही बसून बघून देऊ. नाव कुठल्याही रजिस्टरात लिहिलं जाणार नाही, सभेत निघणार नाही. ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांना हे वाचून दाखवा.

आपला,
सचिव