विश्लेषण : अल्बम गाजला, गाणी मात्र स्टेजवरून गायब! ‘ब्लॅक कंट्री, न्यू रोड’ने असे का केले?

शुक्रवारी नवा अल्बम येणार आणि त्याच आठवड्यातल्या सोमवारी मुख्य गायक बँड सोडणार, असे सहसा घडत नाही. ‘ब्लॅक कंट्री, न्यू रोड’ या इंग्लंडमधील रॉक बँडच्या बाबतीत नेमके तेच घडले. गायक आणि गिटारवादक आयझॅक वुडने ३१ जानेवारी २०२२ रोजी आपण बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. ४ फेब्रुवारीला ‘ॲन्ट्स फ्रॉम अप देअर’ हा त्यांचा दुसरा अल्बम प्रकाशित झाला. समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला आणि ब्रिटनच्या अल्बम यादीत तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. उरलेल्या सहा जणांनी मात्र ही गाणी आता स्टेजवर वाजवायची नाहीत, असे ठरवून टाकले. ज्या गाण्यांनी नाव मिळवून दिले तीच बाजूला ठेवण्याचा हा निर्णय का घेतला गेला आणि श्रोत्यांनी तो कसा पचवला?

हा बँड आहे तरी कोणता?

२०१८ मध्ये उभा राहिलेला सात जणांचा हा बँड. यातले बरेच जण आधी एका दुसऱ्या बँडमध्ये एकत्र होते. तो त्याच्या गायकाच्या प्रकरणानंतर बंद पडला आणि उरलेल्यांनी नव्याने सुरुवात केली. म्हणजे गायकाविना उरण्याची वेळ या मंडळींवर २०२२ मध्ये पहिल्यांदा आली नव्हती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. नावाची गोष्ट मजेशीर आहे. विकिपीडियावर कुठलेही एक पान उघडून देणारे बटण असते. त्यातून इंग्लंडच्या वेस्ट मिडलँड्स भागातल्या एका रस्त्याचे नाव समोर आले आणि तेच कायम झाले. दक्षिण लंडनमधल्या ब्रिक्स्टन येथील ‘विंडमिल’ या छोट्या पबमध्ये त्यांचे सुरुवातीचे कार्यक्रम गाजले. गिटार, बेस आणि ड्रमच्या जोडीला सॅक्सोफोन, व्हायोलिन आणि कीबोर्ड असल्यामुळे रॉक बँडपेक्षा एखाद्या छोट्या वाद्यवृंदासारखा त्यांचा आवाज होता. ‘फॉर द फर्स्ट टाइम’ हा पहिला अल्बम ५ फेब्रुवारी २०२१ रोजी आला आणि ब्रिटनमधील मानाच्या मर्क्युरी पुरस्काराच्या नामांकन यादीत पोहोचला.

दुसऱ्या अल्बममध्ये असे काय आहे?

पहिल्या अल्बममध्ये वुड गाण्यापेक्षा बोलायचा जास्त. तिरकस, चिडके, स्वतःचीच टर उडवणारे बोलणे आणि भोवती पूर्व युरोपातल्या ज्यू लोकसंगीताची आठवण करून देणारे सॅक्सोफोन-व्हायोलिन. एका वर्षात हे सगळे बदलले. दुसऱ्या अल्बममध्ये वुड मनापासून गातो. त्याचा आवाज अनेकदा कापतो, फाटतो आणि तो तसाच ठेवला आहे. चाली मोकळ्या आहेत आणि एका ऐकण्यात लक्षात राहतात.

ध्वनिमुद्रण २०२१ च्या उन्हाळ्यात आइल ऑफ वाइट या बेटावरच्या स्टुडिओत झाले. एखाद्या बड्या निर्मात्याला बोलावण्याऐवजी बँडने हे काम सर्जिओ मास्किओकी याच्याकडे दिले. हा त्यांच्या कार्यक्रमांचा ध्वनियंत्रणा सांभाळणारा माणूस. वाद्ये वेगवेगळी मुद्रित करून नंतर जुळवण्यापेक्षा एकत्र वाजवून घेण्यावर भर होता. त्यामुळे खोलीत सात माणसे एकमेकांकडे बघत वाजवत आहेत, हे हेडफोनवरही जाणवते.

दहा ट्रॅकच्या, सुमारे तासाभराच्या या अल्बममधली दोन उदाहरणे पुरेशी आहेत. ‘स्नो ग्लोब्ज’ हे गाणे एकाच गिटारच्या ओळीवर बराच वेळ शांतपणे फिरत राहते. मग चार्ली वेनचे ड्रम शिरतात आणि बाकीच्यांच्या लयीशी आपला काही संबंध नसल्यासारखे वाजू लागतात. हळूहळू ते इतके वाढतात की गायकाचा आवाज त्याखाली जवळजवळ बुडतो. इंजिनीअरिंगला सिग्नल आणि नॉइज यांचे गुणोत्तर शिकवतात. नॉइज वाढला की संदेश हरवतो, असे तिथे पाठ केले होते. इथे उलटे होते. आवाज जितका बुडतो तितके आपण कान देऊन ऐकतो. (परीक्षेत हे उत्तर लिहिले असते तर गुण मिळाले नसते.) दुसरे उदाहरण ‘बास्केटबॉल शूज’ या शेवटच्या गाण्याचे. बारा मिनिटांहून मोठे हे गाणे बँड अल्बमच्या बऱ्याच आधीपासून स्टेजवर वाजवत होता आणि श्रोत्यांना त्याची जुनी, थोडी वात्रट शब्दांची आवृत्तीही माहीत होती. अल्बममध्ये शब्द बदलले, थट्टा गेली आणि उरला तो निरोपासारखा वाटणारा शेवट.

मधोमध ‘मार्क्स थीम’ हा बिनशब्दांचा, छोटा तुकडा आहे. सॅक्सोफोनवादक लुईस एव्हान्सने कोविडमध्ये गमावलेल्या आपल्या काकांसाठी तो रचला. करोनाकाळात घरातले माणूस गेलेल्या कुणालाही त्यासाठी वेगळे भाषांतर लागत नाही.

गाण्यांमध्ये विमान कुठून आले?

अल्बमवर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या खेळण्यातल्या विमानाचे चित्र आहे आणि गाण्यांमध्ये ‘कॉन्कॉर्ड’ पुन्हा पुन्हा येते. ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून बनवलेले हे प्रवासी विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडायचे आणि लंडनहून न्यूयॉर्कला साधारण साडेतीन तासांत पोहोचायचे. १९७६ मध्ये प्रवासी सेवा सुरू झाली. एकूण विमाने बनली फक्त २० आणि त्यातली १४ प्रवासी सेवेत आली. आपल्या एअर इंडियानेही एकेकाळी दोन कॉन्कॉर्डसाठी हक्क राखून ठेवला होता, पुढे तो बेत सोडून दिला. जुलै २००० मधल्या पॅरिसजवळच्या अपघातानंतर या विमानाचे दिवस भरले आणि २००३ मध्ये ते कायमचे जमिनीवर आले. बँडमधली मंडळी तेव्हा लहान मुले होती.

अर्थशास्त्रात या विमानाचे नाव एका चुकीला दिले आहे. प्रकल्प परवडणार नाही हे दिसत असतानाही दोन्ही सरकारे पैसे ओतत राहिली, कारण आधीच खूप पैसे गेले होते. ‘इतके केले, आता कसे सोडायचे’ या विचाराला ‘कॉन्कॉर्ड फॅलसी’ म्हणतात. वुडच्या गाण्यांतही हेच आहे, फक्त तिथे विमानाच्या जागी माणूस आहे. देखणे, दूर उडणारे, न परवडणारे आणि तरीही सोडवत नाही असे कुणीतरी.

वुड का बाहेर पडला?

त्याने स्वतः सांगितले तेवढेच सांगणे योग्य. दुःख आणि भीती यांनी आपल्याला घेरले आहे आणि त्यामुळे एकाच वेळी गिटार वाजवणे आणि गाणे अवघड झाले आहे, असे त्याने निवेदनात लिहिले. बाकीच्या सहा जणांचा यात काही दोष नाही, हेही त्याने स्पष्ट केले. भांडण नाही, पैशाचा वाद नाही. बँडने अमेरिकेचा ठरलेला दौरा रद्द केला आणि आम्ही एकत्र संगीत करत राहू, असे कळवले.

गाणी न वाजवण्याचा निर्णय का?

व्यवहाराच्या दृष्टीने हा निर्णय वेड्यासारखा होता. अल्बम नुकताच आलेला, कौतुकाचा पाऊस पडतो आहे, उन्हाळ्यातल्या संगीत महोत्सवांची निमंत्रणे हातात आहेत. मराठी रंगभूमीवर अशा वेळी काय होते ते आपल्याला माहीत आहे. मुख्य नट बाहेर पडला की ‘रिप्लेसमेंट’ उभी राहते, तालमी होतात आणि प्रयोग चालू राहतो. चालू राहायलाही हवा, कारण संहिता नटाची नसते. इथे मात्र शब्द वुडचे होते आणि ते त्याच्या मनातून आले होते. ते दुसऱ्याने म्हणणे बँडला पटले नाही. त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही अल्बममधली गाणी बाजूला ठेवली गेली. काही महिन्यांत त्यांनी संपूर्ण नवा संच लिहिला आणि २०२२ च्या उन्हाळ्यात महोत्सवांमध्ये फक्त तोच वाजवला. गायन बेसवादक टायलर हाइड, कीबोर्डवादक मे कर्शॉ आणि लुईस एव्हान्स या तिघांनी वाटून घेतले.

अल्बमभर ज्या चुकीचे नाव घेतले, ती या सहा जणांनी केली नाही. आधी किती घातले आहे, याचा हिशेब न करता त्यांनी हातातली सर्वात मोठी गोष्ट खाली ठेवली. प्रस्तुत प्रतिनिधीला हा निर्णय अल्बमइतकाच मोठा वाटतो. त्यातली गैरसोयही मान्य केली पाहिजे. ज्यांना ही गाणी २०२१ मधल्या कार्यक्रमांत ऐकायला मिळाली ते नशीबवान, बाकीच्या जगाला ती हेडफोनवरच.

श्रोत्यांनी हे कसे घेतले?

पहिली प्रतिक्रिया धक्क्याची होती आणि तिने अल्बम ऐकण्याची पद्धतच बदलली. बातमी आधी आणि गाणी नंतर आल्यामुळे बहुतेकांनी ती निरोपाचे पत्र म्हणून ऐकली. प्रत्येक ओळीत ‘त्याने आधीच सांगितले होते’ असे पुरावे शोधले गेले. यात एक अडचण आहे. ही गाणी आधीच्या वर्षीच लिहून, मुद्रित होऊन तयार होती आणि त्यातली काही तर त्याहून जुनी. दुःखी गाणे लिहिणारा प्रत्येक माणूस निघण्याच्या तयारीत नसतो. तरीही बातमी विसरून हा अल्बम ऐकणे आता कुणालाच शक्य नाही.

मग हक्काची भाषा आली. तो परत कधी येणार, निदान एक गाणे तरी वाजवा, अशा मागण्या झाल्या. पहिला अल्बम मर्क्युरीच्या नामांकनात होता आणि हा अधिक गाजलेला दुसरा नव्हता, याचाही राग निघाला. हळूहळू सूर बदलला. नव्या गाण्यांचे अधिकृत ध्वनिमुद्रण उपलब्ध नसतानाही लोक मोबाइलवर टिपलेल्या खरखरीत क्लिप ऐकून शब्द पाठ करू लागले आणि पुढच्या कार्यक्रमात बँडबरोबर गाऊ लागले. मागणीची जागा सोबतीने घेतली, असे म्हणायला हरकत नाही. सगळ्यांच्या बाबतीत नाही. ‘वुडशिवाय मजा नाही’ म्हणणारे आजही आहेत आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक आहे असेही नाही. तो आवाज पुन्हा मिळालेला नाही.

याआधी असे घडले आहे का?

ब्रिटिश रॉकमध्ये दुसऱ्या अल्बमच्या सुमारास मुख्य माणूस गमावण्याची जुनी उदाहरणे आहेत. पिंक फ्लॉइडचा दुसरा अल्बम १९६८ मध्ये आला तेव्हा सिड बॅरेट बँडबाहेर गेला होता. शेवटच्या ट्रॅकवर तेवढे त्याचे गाणे होते. त्याच्या काही रचना बँड पुढेही वाजवत राहिला. जॉय डिव्हिजनचा ‘क्लोजर’ जुलै १९८० मध्ये आला, त्याआधी दोन महिने गायक इयन कर्टिसचा मृत्यू झाला होता. उरलेल्या तिघांनी नाव बदलून ‘न्यू ऑर्डर’ सुरू केला आणि सुरुवातीची काही वर्षे जुन्या गाण्यांपासून लांबच राहिले. ‘ब्लॅक कंट्री, न्यू रोड’ने नाव तेच ठेवले, गाणी सोडली. आणि सर्वात महत्त्वाचा फरक म्हणजे वुड वेळेवर थांबला.

आता बँड काय करतो आहे?

डिसेंबर २०२२ मध्ये पश्चिम लंडनमधल्या बुश हॉलमध्ये त्यांनी तीन कार्यक्रमांत नवी गाणी वाजवली आणि त्यांचे चित्रीकरण केले. प्रत्येक कार्यक्रम एका खोट्या हौशी नाटकाच्या रूपात सजवला होता. एकदा शाळेचे स्नेहसंमेलन, एकदा भुताटकीचे पिझ्झा हॉटेल, असा थाट. ‘लाइव्ह ॲट बुश हॉल’ नावाने ते २०२३ मध्ये प्रकाशित झाले. पहिलेच गाणे मैत्रीचा उघड जयघोष आहे आणि प्रेक्षक तो बँडइतक्याच जोरात करतात. ४ एप्रिल २०२५ रोजी ‘फॉरएव्हर हाउलाँग’ हा नवा स्टुडिओ अल्बम आला. त्यात व्हायोलिनवादक जॉर्जिया एलरी, टायलर हाइड आणि मे कर्शॉ या तिघी गातात. वुडच्या जागी त्यांनी दुसरा कुणी गायक आणला नाही. बँडमध्ये अजून सहाच जण आहेत.