‘म्हणजे हाडवैद्य का गं?’

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या थोरल्या चुलत बहिणीच्या मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला. घरात पेढे वाटायला हवे होते, पण भावोजी गप्प. कारण पत्रात ‘एमडी’ नव्हतं, ‘डीओ’ होतं. डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन. सांगलीहून तिच्या आजीने व्हिडिओ कॉलवर विचारलं, ‘‘म्हणजे हाडवैद्य का गं?’’ आम्ही हसलो. भाची हसली नाही.

खरं तर मलाही काही माहीत नव्हतं. मी कॉम्प्युटरवाला माणूस. लॅपटॉपपुढे बसून मान धरते म्हणून ज्या फॅमिली डॉक्टरकडे दोन वर्षं जात होतो, त्यांच्या नावापुढेही ‘डीओ’च आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं! मग लाज वाटून वाचायला बसलो.

ही शाखा मूळची अमेरिकेतलीच. अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांची तीन मुलं १८६४ मध्ये मेंदूज्वराने गेली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. शरीर हे एकसंध आहे, ते स्वतःला सावरू पाहतं, हा विचार त्यांनी १८७४ मध्ये मांडला. १८९२ मध्ये मिसूरीतल्या कर्क्सव्हिल गावात पहिलं कॉलेज निघालं.

आजचे डीओ मात्र औषधं देतात, शस्त्रक्रियाही करतात. पन्नासही राज्यांत त्यांना एमडींइतकेच अधिकार आहेत. चार वर्षांचा तोच अभ्यास, शिवाय हातांनी स्नायू-सांधे तपासण्याचं आणि उपचार करण्याचं सुमारे २०० तासांचं शिक्षण. २०२० पासून दोघांच्या रेसिडेन्सीची मान्यताव्यवस्थाही एकच झाली. अमेरिकेतल्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा आता डीओ कॉलेजांत शिकतो.

सगळं गोडच आहे असं नाही. डीओंना स्वतःची वेगळी परीक्षा असते. मागणी असलेल्या शाखांसाठी बरेच जण एमडींचीही देतात, म्हणजे दुप्पट मेहनत. कर्जाचा डोंगर आहेच. हातांचे उपचार पुढे सगळेच वापरतात असंही नाही. आणि ब्रिटनमधल्या नातेवाइकांनी गोंधळू नये. तिथला ‘ऑस्टिओपॅथ’ हा फिजिशियन नसतो. मायदेशी परतायचा विचार असेल, तर तिथली मान्यता आधीच तपासलेली बरी.

भाची आता पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावात फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी करते आहे. गेल्या दिवाळीत आली तेव्हा डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. मी विचारलं, ‘‘पस्तावलीस का गं?’’ म्हणाली, ‘‘नाही रे मामा. पाठ दुखते म्हणून आलेल्या माणसाच्या पाठीला हात लावला ना, की तो बोलायला लागतो. झोप नाही, बायको आजारी आहे, सगळं. कळतं नुसतं पाठीचं नाहीये.’’ थोडं थांबून म्हणाली, ‘‘फक्त त्या दिवशी बाबा ‘अभिनंदन’ म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.’’

भावोजी शेजारीच बसले होते. काही बोलले नाहीत. पण यंदा मंडळाच्या गणपतीत कोणीतरी विचारलं, ‘‘मुलगी एमडी ना?’’ तर म्हणाले, ‘‘नाही, डीओ.’’ आणि प्रसादाची रांग खोळंबवून दहा मिनिटं समजावत बसले.

तुमच्याही घरात असं पत्र आलं, तर आधी पेढे वाटा. चौकशी नंतर करता येते.