पत्रा कोठें पातळ होतो?

पितळेचें किंवा ॲल्युमिनियमचें सांधा नसलेलें गोल भांडें निरखून पाहिलें, तर पुष्कळदा असें आढळतें कीं, त्याचा तळ जाड असून अंग मात्र पातळ आहे. मूळ पत्रा तर सर्वत्र सारख्या जाडीचा होता. मग हा भेद आला कोठून?

असलीं भांडीं पुष्कळ ठिकाणीं लेथवर घडवितात. साच्याच्या तोंडाशीं वाटोळा पत्रा घट्ट धरून दोन्ही एकत्र फिरवितात, आणि लांब दांडीच्या हत्यारानें अथवा रुळानें पत्रा दाबीत दाबीत साच्यावर बसवितात. या क्रियेस स्पिनिंग म्हणतात. तींत धातु खरवडून निघत नाहीं, केवळ जागा बदलतो. आणि त्यानें कोठें जावें हें रुळाची वाट ठरविते.

समजा, शंकूच्या आकाराच्या साच्यावर रूळ एकाच फेरींत मध्यापासून कडेपर्यंत नेला आणि पत्र्याचा बाहेरील व्यास मुळींच कमी होऊं दिला नाहीं. पत्त्यांचा जोड तिरपा सरकवावा, त्याप्रमाणें पत्र्याचें प्रत्येक कडें नुसतें पुढें सरकतें. आंसाच्या दिशेनें मोजलेली जाडी तीच राहते. पण भिंत तिरपी झाल्यामुळें तिची आडवी जाडी घटते. भिंत व आंस यांमधील कोन ३० अंश असेल, तर २ मिलिमीटरचा पत्रा १ मिलिमीटर उरतो. कोन जितका लहान, तितकी भिंत पातळ. म्हणून सरळ उभ्या भिंतीचें भांडें या रीतीनें होतच नाहीं.

त्यासाठीं रूळ अनेक वेळां फिरवावा लागतो. प्रत्येक फेरींत कड थोडी थोडी आंत येते, घेर आटतो, आणि आटलेला धातु ताणाची भरपाई करून जाडी बरीचशी राखतो. मध्याकडून कडेकडे जाणारी फेरी धातूला ताणते. कडेकडून परतणारी फेरी त्याला आंत लोटते. ताण अतिरिक्त झाला तर चीर जाते, आणि लोटणें अतिरिक्त झालें तर कडेस सुरकुत्या पडतात. रूळ फार सावकाश नेला तर अंग गुळगुळीत होतें, परंतु पातळहि होतें. घाईनें नेला तर जाडी टिकते, पण वळ उमटतात.

आज संगणकाच्या आज्ञेनें चालणारे लेथ आहेत. त्यांनाहि ही वाट आधीं विचारपूर्वक आंखून द्यावी लागते. गिऱ्हाइकानें मात्र भांडें घेतांना नुसता कांठ पाहूं नये. तळाच्या वळणाजवळचें अंग अंगठ्यानें दाबून पाहावें. भांड्याचा खरा कस तेथें लागतो.