पंधरा चित्रांची निवड

वाईचा गणपती घाट, मेणवली, नाशिकचं रामकुंड. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कला महाविद्यालयात शिकलेल्या विद्यार्थ्याचा फोल्डर उघडा, यांतलं एखादं जलरंगातलं चित्र निघतंच. त्याखाली स्टिल लाइफ, चार-पाच हेड स्टडी, लाइफची फुलशीट आणि 'बाजार' किंवा 'प्रतीक्षा' अशा विषयावरचं कॉम्पोझिशन. त्यात चार वर्षांची मेहनत असते आणि ती दिसतेही. पण हाच फोल्डर एमएफएच्या निवड समितीसमोर गेला की दहा मिनिटांत पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटला जातो आणि एक प्रश्न येतो, "हात चांगला आहे. पण यात तुझं काय?"

अनेक हुशार मुलं या प्रश्नापाशी अडकतात. त्यात त्यांचा दोष नाही. आपल्याकडे चित्रकलेचं शिक्षण शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांपासून सुरू होतं. तिथे कागद मिळतो, वेळ ठरलेली असते आणि विषय फळ्यावर लिहिलेला असतो. पुढे फाउंडेशन आणि बीएफएतही बरीच वर्षं तसंच चालतं. विषय सर देतात, सबमिशनची तारीख कॉलेज देतं. पदव्युत्तर अभ्यासक्रमात दोन वर्षं आणि स्टुडिओतला एक कोपरा मिळतो, विषय मात्र कुणी देत नाही. म्हणून समिती अर्जदाराच्या हातापेक्षा वेगळं काही शोधत असते. हा माणूस स्वतःला काम देऊ शकेल का, आणि ते काम फसलं तर त्यातून पुढचं काम काढू शकेल का, हे तिला पाहायचं असतं.

ही अपेक्षा परदेशातून आलेली नवी फॅशन आहे, असं काहींना वाटतं. तसं नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विद्याशाखा १९५० साली सुरू झाली आणि चित्रकला विभाग ना. श्री. बेंद्रे यांच्याकडे आला. इंदूरच्या मुशीतून आलेले बेंद्रे निसर्गचित्रणात वाकबगार होते. पण त्यांचे विद्यार्थी त्यांच्यासारखी चित्रं काढत बसले नाहीत, यातच त्यांच्या शिकवण्याचं मोठेपण आहे. १९५६ साली 'बडोदा ग्रुप' उभा राहिला, तेव्हा त्यातल्या प्रत्येकाची वाट निराळी दिसत होती. शांतिनिकेतनात शिकलेले के. जी. सुब्रमण्यन यांनी बडोद्यात भित्तिचित्र, टेराकोटा आणि खेळणी यांनाही कॅनव्हासइतकाच मान दिला. नसरीन मोहम्मदी १९७२ पासून १९९० मधल्या मृत्यूपर्यंत तिथे शिकवत होत्या. शाईच्या आणि पेन्सिलीच्या रेषांखेरीज जवळजवळ काहीही न वापरता एखादी व्यक्ती आयुष्यभर काम करू शकते, हे त्यांच्या विद्यार्थ्यांनी रोज पाहिलं. अशा ठिकाणी वाईचा घाट घेऊन जायला हरकत नाही. मात्र घाट का काढला, हे सांगता यायला हवं.

म्हणून अर्ज करण्याआधी संस्था कोणती, हे आपल्या कामाकडे पाहून ठरवावं. मुंबईचं सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ पासूनचं. धुरंधर, त्रिंदाद यांच्या व्यक्तिचित्रणाची परंपरा तिथली, आणि तिथल्या एमएफएत पोर्ट्रेटला आजही स्वतंत्र जागा आहे. शिवाय क्रिएटिव्ह पेंटिंग, म्युरल, प्रिंटमेकिंग हे विषय आहेतच. २०२३ मध्ये ही संस्था अभिमत विद्यापीठ झाली. तेव्हापासून प्रवेशाचे नियम मुंबई विद्यापीठाच्या जुन्या माहितीवर विसंबून न पाहता संस्थेच्या चालू वर्षाच्या सूचनेतच वाचायला हवेत. शांतिनिकेतनच्या कलाभवनाची सुरुवात १९१९ ची. नंदलाल बोस, रामकिंकर बैज ही तिथली नावं. आपल्या कोल्हापूरचे विनायक मसोजी तिथे शिकले आणि तिथेच शिकवू लागले, हे मराठी वाचकांना फारसं माहीत नसतं. हैदराबादचं केंद्रीय विद्यापीठ, दिल्लीतलं जामिया, बनारस हिंदू विद्यापीठ हेही पर्याय आहेत. मोठी काष्ठशिल्पं करणाऱ्याने जिथे शिल्पाचं आवार मोठं आहे तिथे जावं, लिथोग्राफी करायची असेल तर दगड आणि प्रेस चालू स्थितीत आहे का ते पाहावं. नाव मोठं म्हणून गेलेली मुलं पहिल्या सहा महिन्यांत हिरमुसतात.

आता फोल्डरकडे येऊ. भारतातल्या बहुतेक ठिकाणी पोर्टफोलिओ, प्रात्यक्षिक किंवा लेखी परीक्षा आणि मुलाखत यांपैकी दोन-तीन गोष्टी असतात. परदेशात सहसा १० ते २० प्रतिमा मागतात आणि त्याच सगळं ठरवतात. दोन्हीकडे निवडीचं काम सारखंच अवघड असतं. आपल्याला आवडतं ते चित्र, सरांना आवडलेलं चित्र, राज्य कला प्रदर्शनात लागलेलं चित्र आणि घरच्यांनी फ्रेम करून ठेवलेलं चित्र, ही चारही वेगळी असू शकतात. पंधरा जागांसाठी चाळीस कामं भांडत असतात.

इचलकरंजीच्या एका मुलाचं काम माझ्यासमोर आलं होतं. फोल्डरमध्ये नेहमीचं सगळं होतं, तेही चांगलं. शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळलेले वुडकटचे सहा ठसे होते. घरच्या यंत्रमागाचे. पहिल्या दोन ठशांत माग अगदी ओळखू यावा असा होता. धोटा, बीम, कांड्यांची टोपली, दिव्याचा प्रकाश, सगळं जागेवर. तिसऱ्यापासून त्याने वस्तू कमी करत नेल्या होत्या. पाचव्यात फक्त ताण्याचे उभे धागे उरले होते आणि मधोमध एक तुटलेला. तो तुटलेला धागा कोरून काढलेला नव्हता. ठोकळ्याच्या लाकडालाच तिथे चीर गेली होती आणि त्याने ती तशीच छापली होती. सहावा ठसा बराचसा काळा होता, शाई जास्त लागलेली. हे ठसे त्याने फोल्डरमध्ये शेवटी ठेवले होते, कारण ते सबमिशनचे नव्हते.

आम्ही जमिनीवर सगळं पसरलं. हेड स्टडी एक ठेवली, कारण रेखाटनाची पकड दिसायला हवी. वाई बाजूला काढली. बाजाराचं कॉम्पोझिशनही काढलं, आणि ते काढताना त्याला वाईट वाटलं, त्यावर त्याला बक्षीस मिळालं होतं. मग सहाही ठसे ओळीने लावले, शाई जास्त लागलेला धरून. एका प्रश्नापासून माणूस कुठवर गेला आणि कुठे अडला, हे त्या ओळीत दिसत होतं. समितीला वाचायची असते ती हीच ओळ. सुटी उत्तम कामं दाखवणारा फोल्डर आणि एकमेकांतून उगवलेली कामं दाखवणारा फोल्डर यांत मी कधीही दुसरा निवडेन, त्यातली दोन-तीन कामं कच्ची असली तरी.

स्केचबुक आवर्जून न्यावं. अनेक जण ते लपवतात, कारण त्यात खाडाखोड असते, हिशेब असतात, बसचं तिकीट चिकटलेलं असतं. मुलाखतीत शिक्षकांना स्केचबुकमध्ये जास्त रस असतो, कारण काम पूर्ण होण्याआधी डोकं कसं चालतं ते तिथे दिसतं.

फोटोंबद्दल एक-दोन गोष्टी सांगतो, कारण यात चांगल्या कामाची माती होते. तैलरंगावर फ्लॅश मारू नये, चकाकी येते. ढगाळ दिवशी सावलीत चित्र उभं लावून, कॅमेरा चित्राच्या बरोबर मध्यावर आणि समांतर धरून फोटो काढावा. कडा सरळ आल्या पाहिजेत. भिंत, पंखा, पलंगाचा पाय दिसता कामा नये. काच लावलेलं चित्र फ्रेममधून काढूनच टिपावं. शिल्पाचे दोन-तीन बाजूंनी फोटो हवेत आणि एकात तरी आकाराचा अंदाज यावा. प्रत्येक प्रतिमेखाली नाव, माध्यम, माप आणि वर्ष. माप लिहायचं राहिलं तर सहा इंचांचा ठसा आणि सहा फुटांचा कॅनव्हास पडद्यावर एकसारखेच दिसतात.

यानंतर येतं आपल्या कामाविषयीचं निवेदन. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना सगळ्यात जास्त भीती याची वाटते, कारण ते बहुतेकदा इंग्रजीत द्यावं लागतं. त्या भीतीपोटी मुलं इतरांची निवेदनं जमवतात आणि त्यांतली मोठमोठी वाक्यं उचलतात. अस्मिता, विस्थापन, स्मृती, अवकाश हे शब्द ओळीने येतात आणि कामाशी त्यांचा संबंध उरत नाही. इचलकरंजीच्या त्या मुलाच्या पहिल्या मसुद्यातलं पहिलं वाक्य होतं, कला हा माझा श्वास आहे. मी त्याला म्हटलं, इंग्रजी विसर, घरी बोलतोस तसं मराठीत लिही, ठसे का केलेस एवढंच सांग. दुसऱ्या दिवशी त्याने लिहून आणलं, "आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर माग चालतात. रात्रभर आवाज असतो, त्यात आम्ही झोपतो. माग बंद पडला की सगळ्यांना जाग येते." पुढे लिहिलं होतं की ती शांतता कशी काढायची हे त्याला कळत नाहीये, म्हणून तो धागे कमी करत चाललाय. या चार ओळी इंग्रजीत नेणं अवघड नव्हतं, आणि त्यांत उसना शब्द एकही नव्हता. आधी मराठीत पक्कं करावं, मग साध्या इंग्रजीत न्यावं. वाचणारे चित्रकार असतात, ते व्याकरणाच्या एखाद्या चुकीला अडत नाहीत. पोकळ वाक्याला मात्र नक्की अडतात.

शिफारसपत्र प्राचार्यांचंच हवं, असा एक समज आहे. ज्यांनी आपल्याला काम करताना पाहिलंय त्यांचं पत्र हवं, मग ते तासिका तत्त्वावरचे शिक्षक का असेनात. त्यांना महिनाभर आधी सांगावं, सोबत निवडलेल्या प्रतिमा आणि निवेदन द्यावं. शेवटच्या संध्याकाळी फोन करून मागितलेलं पत्र कुणालाही लावता येईल असंच येतं.

पात्रतेचा एक मुद्दा महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे. आपल्याकडे असंख्य मुलं जी. डी. आर्ट ही पदविका घेतात, आणि कामात ती पदवीधरांपेक्षा कुठेही कमी नसतात. पण बहुतेक विद्यापीठांना पदव्युत्तर प्रवेशासाठी पदवी लागते. पदविकेला समकक्षता आहे का, हे ज्या विद्यापीठात जायचं तिथूनच लेखी विचारून घ्यावं, आणि तेही फॉर्मचे पैसे भरण्याआधी. ही अडचण किती चांगल्या मुलांची वाट अडवते, हे पाहिलं की वाईट वाटतं. पदविका आणि पदवी यांच्यातला हा अडसर राज्याने कधीच काढून टाकायला हवा होता.

परदेशाचा विचार करणाऱ्यांनी वेळापत्रक उलटं मोजावं. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांच्या अर्जाच्या मुदती डिसेंबर ते फेब्रुवारीत संपतात, म्हणजे फोल्डर दिवाळीपर्यंत तयार हवा. तिथला एमएफए बहुधा दोन वर्षांचा आणि साधारण ६० क्रेडिटचा असतो. ब्रिटनमधला एमए अनेक ठिकाणी एका वर्षाचा आणि १८० क्रेडिटचा. एक वर्ष स्वस्त पडतं, पण नवीन शहरात रुळेपर्यंतच ते संपत आलेलं असतं, हे ध्यानात घ्यावं. खासगी कला संस्थांची फी मध्यमवर्गीय घराला पेलणारी नाही. अमेरिकेतली काही सरकारी विद्यापीठं मात्र पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवण्याचं काम देतात आणि बदल्यात फी माफ करून मानधन देतात. नावाच्या वलयापेक्षा ही माहिती आधी काढावी. भारतातून इन्लॅक्स शिवदासानी प्रतिष्ठान ललितकलेच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतं. १८९२ पासूनची जे. एन. टाटा एन्डाउमेंट कर्जरूपाने मदत करते. ही वाट जुनी आहे. चित्रकार रझा १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. गुलाममोहम्मद शेख बडोद्याहून लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टला गेले आणि परत येऊन बडोद्यातच शिकवू लागले. अतुल दोडिया जे. जे.तून बाहेर पडल्यावर जवळपास दशकभराने, १९९१ मध्ये, पॅरिसला शिकायला गेले. म्हणजे बीएफए संपल्या संपल्याच अर्ज केला पाहिजे असं नाही. दोन-तीन वर्षं स्वतःच्या खोलीत काम करून आलेला अर्ज पुष्कळदा जास्त भरीव असतो.

आणि ही पदवी घेतलीच पाहिजे असंही नाही. सुधीर पटवर्धन क्ष-किरण तज्ज्ञ डॉक्टर होते. ठाण्यात दवाखाना सांभाळत त्यांनी लोकल, चाळी आणि कामगारांची जी चित्रं केली, त्यांच्याशिवाय आजच्या मुंबईचं चित्र पुरं होणार नाही. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर मात्र पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट हाच रुळलेला रस्ता आहे. नेटला दृश्यकला हा स्वतंत्र विषय आहे. मुलगा नोकरीसाठी अर्ज करतोय की कामासाठी, हे घरात मोकळेपणाने बोललेलं बरं. दोन्ही कारणं रास्त आहेत, फक्त त्यांनुसार संस्था वेगळ्या निघतात.

फॉर्म भरण्याआधी एक खर्च जरूर करावा, तो म्हणजे त्या गावी जाऊन येण्याचा. शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचा डिस्प्ले लागतो, तेव्हा गेलात तर उत्तम. भिंतीवरची कामं पाहावीत. सगळ्यांची एकाच सरांसारखी दिसत असतील तर सावध व्हावं. मग कँटीनमध्ये बसून तिथल्या मुलांशी बोलावं. स्टुडिओ रात्री किती वाजेपर्यंत उघडा असतो, भट्टी कोण लावून देतं, ॲसिडच्या खोलीतला एक्झॉस्ट चालतो का, गाईड आठवड्यातून किती वेळा कामापाशी येऊन उभे राहतात, वसतिगृहात जागा मिळाली नाही तर आसपास खोली कितीला पडते, हे सगळं विचारून वहीत टिपून घ्यावं. माहितीपुस्तिकेत यातलं काहीच छापलेलं नसतं.